समस्त ग्रामस्थ

गुरुजी,

आज मंगळवार. मंगळवारी लोणावळ्यात हॉटेलांना गिऱ्हाईक नसतं. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात, रस्ते तुंबतात, एकेका खोलीवरून भांडणं होतात, आणि सोमवारी दुपारपर्यंत सगळं रिकामं. मग रिसेप्शनच्या काउंटरमागे मी एकटी उरते. तीस वर्षं झाली मला इथे. आता अठ्ठावन्न पुरी होतील. गुडघे बोलायला लागलेत, गिऱ्हाइकाशी गोड बोलण्याचा कंटाळा आलाय, आणि खरं सांगायचं तर लिहिण्याचाही आलाय. दोन कादंबऱ्या ह्याच काउंटरवर लिहिल्या. तुम्ही त्या वाचल्या नाहीत, कारण पहिली आली तेव्हा तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता तिसरी लिहायची आहे. ती तुमची बदली झाली त्या वर्षावर आहे. चार वर्षं मी नुसता तिचा आराखडा करतेय. माणसं ठरलीत, प्रसंग ठरलेत, ओढा, शाळा, देऊळ सगळं जागच्या जागी आहे. एकच गोष्ट ठरत नाही, ही गोष्ट सांगणार कोण.

वाचणाऱ्यांना वाटतं, गोष्ट सुचली की कादंबरी झाली. तसं नसतं. कोणाच्या डोळ्यांनी बघायचं हे ठरल्याशिवाय पहिलं वाक्यसुद्धा कागदावर उतरत नाही. जो सांगतो त्याला दिसतं तेवढंच पुस्तकात येतं. त्याला दिसत नाही ते गळतं, आणि त्याला बघायचंच नसतं तेही गळतं. म्हणून मी आधी तुम्हाला निवडलं. अन्याय तुमच्यावर झाला, तेव्हा तुम्हीच सांगा, असा सरळ हिशेब. ‘मी शाळेत आलो, मी फळा पुसला’ असं लिहायला लागले आणि ऐंशी पानं झाली. मग सलग वाचून बघितलं. तुम्ही त्यात कधी चिडत नव्हता, कधी कंटाळत नव्हता, तुम्हाला कधी साधी शिंकसुद्धा आली नव्हती. मला तुमचे शाळेचे तासच तेवढे माहीत, घरी गेल्यावर तुम्ही कसे होता ते मला काय ठाऊक. पण खरा घोळ वेगळाच होता. त्या ऐंशी पानांत चौथीतली एक मुलगी होती आणि तुम्ही सारखं तिचं कौतुक करत होता. चुणचुणीत मुलगी, मोत्यासारखं अक्षर, डोळ्यांत तेज. मी तुमच्या तोंडून माझीच आरती ओवाळून घेत होते. ती वही मी कपाटात वर टाकून दिली.

मग आबांना निवडलं. माझे वडील. ज्यांनी तुमच्याविरुद्ध अर्ज केला, त्यांच्याच डोळ्यांनी बघू, म्हणजे आपण कोणाला सोडलं नाही असं होईल. पण आबांच्या आत शिरले आणि त्यांची दया यायला लागली. पहाटे उठून खाचरात राबणारा माणूस, चार लोकांत शब्दाला मान, तो मान जाईल की काय ही धास्ती. शंभर पानांत आबा इतके बिचारे झाले की वाचणाऱ्याला वाटावं, बदली त्यांचीच झाली. तीही वही वर गेली. तिसऱ्या खेपेला मी हुशारी केली. सांगणारा एक माणूस नकोच, अख्खं गावच सांगेल. ‘आम्ही तेव्हा ओढ्याच्या अलीकडे राहत होतो. आम्ही सगळे एकमेकांना ओळखत होतो.’ अशी सुरुवात. पुण्याच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, “अहो, हे फारच छान जमलंय. गावच बोलतंय. आता बदलू नका काही, एवढं दिवाळीपर्यंत पुरं करा.” मलाही सुटल्यासारखं झालं. गाव बोलायला लागलं की एकट्यादुकट्याला काही बोलावं लागत नाही.

तुम्हाला तो नकाशा आठवतो का? चौथीत असताना तुम्ही आम्हाला गावाचा नकाशा काढायला सांगितला होता. भात झोडून झालं होतं, खाचरं मोकळी पडली होती, अंगणाअंगणात पेंढ्याच्या उडव्या. मी दोन दिवस खपून नकाशा काढला. देऊळ, चावडी, शाळा, आमचं घर जरा मोठं, कान्ह्याच्या स्टेशनाकडे जाणारा रस्ता, आणि कागदाच्या कडेला ओढा. वर ठळक अक्षरात लिहिलं, ‘आमचे संपूर्ण गाव’. मी तो मोठ्या तोऱ्यात तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही चष्मा वर करून बघता. बराच वेळ बघता. मग ओढ्यावर बोट ठेवून विचारता, “आणि ह्याच्या पलीकडं?”

“पलीकडं वस्ती आहे, गुरुजी.”

“मग ती कुठं गेली?”

“कागद संपला, गुरुजी.”

“कागद संपला,” तुम्ही म्हणालात, “का गाव संपलं?”

वर्ग हसला. मी रडकुंडीला आले. मला खरंच कळलं नव्हतं की माझं काय चुकलं. तुम्ही ओढ्याच्या पलीकडे, वस्तीवर राहता, तुमची मुलगी माझ्याच वर्गात मागच्या ओळीत बसते, हे मला माहीत होतंच की. पण आमच्या बोलण्यात ‘गाव’ म्हणजे ओढ्याच्या अलीकडचं. आणि फक्त आमच्याच नाही. तुमची मुलगीसुद्धा दुकानात मीठ आणायला निघाली की म्हणायची, “गावात जाऊन येते.” गावात राहून गावात जायची. त्या शब्दात काही खटकायला हवं असं आम्हा दोघींनाही कधी वाटलं नाही. तुम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळा वर्ग घेऊन निघालात. पाटी नको, दप्तर नको, नुसतं चालायचं आणि घरं मोजायची. देवळापासून सुरू करून आम्ही ओढा ओलांडला, वस्तीतली घरं मोजली, आणि शेवटचं घर तुमचं निघालं. ऊन चढलं होतं. तुमच्या आई दारातच उभ्या होत्या, हातात तांब्या आणि ताटलीत गुळाचे खडे. “या रं पोरांनो, लय चाललात. आदी गूळ खावा, मंग पानी प्या.” उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं, ही आपल्याकडची साधी रीत. आमच्यातल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मी बघितलं नाही, मला तहान लागली होती. मी दोन भांडी पाणी प्याले. तुमच्या आई मला म्हणाल्या, “तू आबाची न्हवं? बापासारखं नाक हाय.” मला ते आवडलं. परत आल्यावर मी नवा नकाशा काढला, दोन कागद जोडून.

संध्याकाळपर्यंत कोणीतरी घरी सांगितलं. तिसऱ्या दिवशी देवळासमोर माणसं जमली. पाणी आणि गूळ हे खरं कारण होतं, पण ते कागदावर लिहिता येत नव्हतं, तोवर कायदा आला होता. मग दुसरं कारण शोधणं आलं. आबा घरी आले आणि मला म्हणाले, “वही घे. तुजं अक्षर ब्येस हाय. मी सांगतो तसं लिव्ह.” आणि ते सांगायला लागले, “आमी समस्त ग्रामस्थ…” मी लिहिलं, ‘आम्ही समस्त ग्रामस्थ अर्ज करतो की’. ‘समस्त’ शब्द मला फार भारदस्त वाटला होता. जत्रेच्या पत्रिकेवर असतो तसा. त्याखाली चाळीसेक सह्या आणि अंगठे पडले. ओढ्यापलीकडचा एकही नव्हता. पण कागदावर ‘समस्त’ होतं, तेव्हा कचेरीतल्या साहेबानेही ते तसंच धरलं असणार. पावसाळ्याच्या आत तुमची बदली झाली, पवनेच्या पलीकडे, जिथून रोज घरी येणं शक्य नव्हतं.

माझ्या आराखड्यात हा प्रसंग आहे. बापाच्या धाकाखाली लिहिणारी मुलगी, वहीवर टपटप पडणारं पाणी, शाई फुटलेली. तिन्ही वह्यांत तो तसाच आहे, सांगणारा कोणीही असो. तुमच्या तोंडी असला तर तुम्ही त्या मुलीला मनोमन क्षमा करता, आबांच्या तोंडी असला तर तिच्या डोक्यावरून हात फिरवता. गावाच्या तोंडी असला तर गावाला ती मुलगी दिसतच नाही. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण मला लहानपणापासून पाठ आहे. चार वर्षं मी ती कादंबरी म्हणून लिहीत होते, हे ध्यानात यायला जरा वेळ लागला.

तुम्ही एकदा ह्या हॉटेलात आला होता. मागच्या हॉलमध्ये निवृत्त शिक्षकांचं काहीतरी संमेलन होतं. केस पांढरे झालेले, पण चष्मा वर करून बघायची लकब तीच, म्हणून लगेच ओळखलं. मी उठून पाया पडायला गेले तर तुम्ही हात धरून थांबवलंत. काउंटरवर रजिस्टर उघडं होतं. तुम्ही ते आपल्याकडे फिरवून घेतलंत, पानभर नजर टाकली आणि म्हणालात, “अक्षर अजून तसंच आहे तुझं. कुठंही ओळखू येईल.” मी लाजून हसले. मला ती शाबासकी वाटली. मग तुम्ही विचारलंत, “लिहितेस का काही?” मी म्हटलं, थोडंफार. “कशावर?” मी म्हटलं, गावावर. “बरं,” म्हणालात, आणि चहाला गेलात. परत जाताना मी फोनवर कोणाशी तरी हुज्जत घालत होते, तेव्हा तुम्ही लांबूनच हात केलात. त्यानंतर भेट नाही.

गेल्या महिन्यात मी तुमच्या मुलीकडे जाऊन आले. ती आता सोमाटण्याला राहते, बँकेतून निवृत्त झाली, मुलगा उर्श्याच्या पुढे कुठल्याशा कंपनीत आहे. संपादकबाईंनी सांगितलं होतं की कुटुंबाला एकदा विचारून ठेवा, नंतर भानगड नको. मी ‘आम्ही’वाली पहिली दहा पानं छापून नेली होती. तिनं चहा केला, चष्मा लावला आणि माझ्यासमोरच बसून दहाही पानं वाचली. माझा चहा गार झाला. मग तिनं कागद नीट जुळवून टीपॉयवर ठेवले.

“छान लिहिलंय तुम्ही, ताई. एक विचारू?”

“विचारा की.”

“ह्यात ‘आम्ही’ म्हणजे कोण? आम्ही आहोत का ह्यात?”

मी काहीतरी बोलायला गेले, की हा एक प्रयोग आहे, सामूहिक निवेदक असतो, तो उपरोधानं घ्यायचा असतो. ती ऐकून घेत होती. बँकेत गिऱ्हाइकाचं ऐकून घेतात तसं. माझ्या तोंडचे शब्द संपल्यावर म्हणाली, “नाही, म्हणजे ‘आम्ही ओढ्याच्या अलीकडे राहत होतो’ असं पहिलंच वाक्य आहे ना, म्हणून विचारलं.” गुरुजी, दहाव्या वर्षी जी चूक केली तीच मी अठ्ठावन्नाव्या वर्षी करून, वर छापून, तिच्याच घरी नेऊन दिली होती. तेव्हा निदान कागद संपला हे कारण तरी होतं. मी म्हटलं, मग बाबांच्या नजरेतून लिहू का, तुमची हरकत नसेल तर. ती म्हणाली, “बाबांच्या नजरेतून लिहिलंत, तर तुम्ही कुठं उभ्या राहणार? तुम्ही होता ना तिथं. मला तुम्ही आठवताय. दोन भांडी पाणी प्यायला होतात. आजी नंतर कितीतरी दिवस सांगायची, आबाची पोर पोटभर पानी प्याली म्हणून. लय आनंद झालता तिला.” एवढंच वाक्य तिचं गावाकडचं आलं, बाकी सगळं ती पुण्याच्या माणसांसारखं बोलते.

मग ती आपण होऊनच सांगत गेली. तुम्ही शनिवारी रात्रीच्या मुक्कामाला यायचात आणि रविवारी उन्हं उतरली की निघायचात. आजी आजारी पडली तेव्हा तुम्हाला वेळेवर कळलं नाही. ती स्वतः त्याच शाळेत, त्याच वर्गात, मागच्या ओळीत वर्ष संपेपर्यंत बसली. मी तिच्या पुढे दोन ओळी बसत होते आणि मला हे कधी दिसलं नव्हतं. “बदलीचं बाबांना एवढं नव्हतं,” ती म्हणाली. “शिक्षकाची बदली होतेच. पण सेवापुस्तकात शेरा गेला, ‘वारंवार उशिरा येतात’. त्या एका शब्दावरून हेडमास्तरकी दोनदा हुकली. बाबा म्हणायचे, आयुष्यात दोनदा उशीर झाला मला, एकदा ओढ्याला पाणी आलं म्हणून आणि एकदा आईला ताप होता म्हणून. दोनदा म्हणजे वारंवार कसं? हे ते हसून सांगायचे, पण सांगायचे.”

तिनं कप उचलले, आत नेऊन ठेवले, आणि परत येऊन सहज म्हणाली, “साहेबानं अर्ज दाखवला होता बाबांना. अक्षर ओळखलं होतं त्यांनी. घरात कोणाला सांगितलं नाही, आईनं खोदून खोदून विचारलं तरी. तुम्हाला माहितीये का, ताई, कोणी लिहिला होता?”

मी म्हणाले, “नाही हो. मी लहान होते.”

ती म्हणाली, हो ना, आपण लहानच होतो. मला सोडायला ती खाली रिक्षापर्यंत आली. मी परत येताना सगळा रस्ता सेवापुस्तकातल्या त्या एका शब्दाचा विचार करत होते. आल्यावर तिसरी वहीही वर टाकली आणि चौथी काढली. आता सांगणारी ती मुलगीच. ‘मी लिहिलं’ असं तिनं म्हणायचं, दुसऱ्या कोणाच्या तोंडून नाही. कोणाच्या नजरेतून लिहायचं हा चार वर्षांचा घोळ खरं म्हणजे एवढ्यासाठीच होता, की त्या एका खोलीत वहीपाशी मी सोडून कोणीही बसलेलं मला चाललं असतं. संपादकबाईंना कळवलं, तर त्या म्हणाल्या, “अरेरे, गावाचा आवाज फार सुंदर होता हो.” होता खरा. भावाला अजून सांगितलं नाही. तो गावातच असतो, आबांचा फोटो रोज पुसतो, तो काय म्हणेल ते दिसतंच आहे.

पण त्या मुलीच्या तोंडून पहिलं पान लिहायला बसले आणि बोट त्याच शब्दाशी अडलं, म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही उत्तर देणार नाही. हा कागद खरं तर सोमाटण्याला जायला हवा, तिथं वाचणारी आहे. जाईल की नाही ते मला आज सांगता येत नाही. रविवारची सुट्टी मिळत नाही, गुडघे दुखतात, अशी कारणं मी आत्ताच गोळा करायला लागलेय.

वहीवर पाणी पडलं नव्हतं, गुरुजी. शाई फुटली नव्हती. मी रडले नाही, मला उलट फुशारकी वाटत होती की मोठी माणसं खोळंबून माझ्या हाताकडे बघतायत. आणि आबांचं सांगणं असं होतं, “गुर्जी कदीमदी उशिरा येत्यात, आसं लिव्ह.” कधीमधी. ते अर्धं तरी खरं होतं. मला ते अर्जात शोभेना. मी आबांना म्हटलं, ह्याला एक चांगला शब्द आहे, आणि आबा म्हणाले, “मंग घाल की.” त्याच आठवड्यात तो तुम्ही फळ्यावर लिहून दिला होता. वारंवार, म्हणजे पुन्हा पुन्हा, वाक्यात उपयोग करा. मी केला.